केळखोलच्या यादीतली कोरी ओळ

केळखोलच्या मतदारयादीत गोदा केरू शिगवण हे नाव नाही, ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक शाळेतले हरिहर गुरुजी आणि दुसरा गावचा कोतवाल केरू, म्हणजे गोदाचा नवरा. मतदानाला अठरा दिवस राहिले होते, आणि हे गोदाला कसं सांगायचं ह्या विचाराने केरू अर्ध्या भाकरीवरून उठत होता.

बायकोला एवढी साधी गोष्ट सांगायला माणूस का घाबरतो, हे समजायचं तर आधी केरूला ओळखून घ्यायला हवं. केरूला फक्त सही करता येत होती, तीही कागदावर ओणवं होऊन, जीभ बाहेर काढून. पण मंडणगडच्या डोंगरातलं ते साठ-पासष्ट घरांचं गाव अख्खं त्याच्या डोक्यात होतं. कोणाचा मुलगा मुंबईत कुठल्या गिरणीत होता आणि गिरणी बंद पडल्यावर आता काय करतो, कोणाची सून कुठल्या गावची, कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, सगळं तोंडपाठ.

गावच्या मतदारयादीचं काम ह्या पाठांतरावर चालत असे. सरकारी कागदात लिहिलेलं असायचं की शिक्षकाने घरोघर जाऊन माहिती घ्यावी. ते लिहिणाऱ्याने केळखोल पाहिलेलं नव्हतं. इथे दिवसा घराला कडी. पुरुष मुंबईला, बायका शेतात नाहीतर रानात लाकडाला. घरोघर जाऊन गुरुजींनी विचारायचं कोणाला, कोंबड्यांना? म्हणून पहिल्या निवडणुकीपासून गावाने आपली रीत पाडली होती. कोतवालाने शाळेच्या पडवीत बसायचं, डोळे मिटायचे आणि वरच्या आळीपासून एकेक घर म्हणत खाली यायचं. गुरुजींनी लिहून घ्यायचं. घरमालक, बायको, मुलगे, सुना, वय. ह्या रीतीत तीस वर्षांत कधी एक नाव चुकलं नाही, आणि ह्याचा गावाला सरकारापेक्षा जास्त अभिमान होता.

हे पाठांतर करायचा मान होता केरूचा बाप भागोजी ह्याचा. कोतवाली मुलाकडे आली तरी यादी मात्र म्हाताऱ्याने सोडली नाही. पडवीत बसून तो नावं म्हणायला लागला की वर्गातली पोरं पाढे थांबवून ऐकत राहायची. बावन्न सालची पहिली यादी त्यानेच सांगितली होती. त्या वेळी दर उमेदवाराची वेगळी पेटी होती, दिल्लीच्या वेगळ्या, मुंबईच्या वेगळ्या. पंचविशीतल्या केरूने दोन खेपा करून त्या पत्र्याच्या पेट्या डोक्यावरून गावात आणल्या होत्या. पेट्या आल्या, साहेब आले, पण बायका काही केल्या आत जाईनात. आत गेलं की नाव लिहून घेतात आणि मग शिधा बंद करतात, असं कोणीतरी उठवून दिलं होतं. शेवटी बावीस वर्षांची गोदा पदर खोचून एकटी आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, आत कोणी खात नाही. मग बाकीच्या गेल्या. त्या दिवसापासून केळखोलच्या बायका मताला निघायच्या त्या गोदाच्या मागून. दर निवडणुकीला पहिली बाई तीच.

पुढे पेट्या कमी झाल्या, शिक्का आला, बोटाला शाई आली. मतदारसंघाच्या हद्दी नकाशावर इकडच्या तिकडे झाल्या. गुरुजी कधीमधी सांगायचे, आता आपल्यात अमका भाग आला, तमका गेला. गावाला त्याचं सुखदुःख नव्हतं. आपला खासदार म्हणून जो कोणी असेल त्याला केळखोलने पाहिलेलं नव्हतं, आणि त्यानेही केळखोल पाहिलेलं नव्हतं. गावाच्या पायथ्याशी ओढा होता. इकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात. जीपचा रस्ता पऱ्याच्या पल्याड संपायचा आणि प्रचारही तिथेच संपायचा. ह्या पऱ्यावर साकव बांधा, नुसता माणूस जाईल एवढा पूल, हे गावाचं मागणं बावन्न सालापासूनचं. पण निवडणूक काही पावसात येत नाही. ती येणार जानेवारीत, मार्चात, पऱ्यात गुरांच्या खुरापुरतं पाणी असताना. उमेदवाराचा माणूस जीपमधून उतरून पाण्याकडे बघायचा आणि हसायचा. एवढ्या पाण्याला साकव कशाला हवा, तुम्ही लोक पण.

एकाहत्तरच्या श्रावणात ह्याच पाण्याने केरूची मालन नेली. नेली म्हणजे पोर बुडाली नाही. सहा वर्षांची मालन तापाने फणफणली, तिला डोलीत घालून चौघे पऱ्यापर्यंत आले, आणि पऱ्या दुथडी भरून चालला होता. पाणी आत्ता ओसरेल, मग ओसरेल, म्हणून डोली काठावर ठेवून सगळे बसले. दीड दिवस बसले. पाणी ओसरलं तेव्हा पल्याड जायचं कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर गोदा मत द्यायची ती वेगळी. सत्त्याहत्तरला केरू केंद्राच्या दारात उभा होता, तेव्हा त्याने पाहिलं. तिने शिक्का मारला, कागदाची घडी केली, ती कपाळाला लावली, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली आणि मग कागद पेटीत टाकला. घरी आल्यावर तिने विचारलं, हे कागद जातात कुठे. केरू म्हणाला, रत्नागिरीला. तिथून? तिथून दिल्लीला, असं केरू बोलून गेला. कागद मोजून गठ्ठे बांधून ठेवतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला खरं सांगवलं नाही. बरंय म्हणाली, मी साकवाचं सांगून ठेवलंय. कोणाच्या चित्रावर शिक्का मारला ते तिने कधी सांगितलं नाही आणि तिला त्यात फारसं स्वारस्यही नसावं. पाच वर्षांतून एकदा तिचा निरोप दिल्लीला जातो, एवढंच तिला पुरे होतं. ऐंशी सालीही तिने तो धाडला.

आता ह्या बाईचं नाव यादीतून गेलं कसं? तर नवऱ्याच्या लाजेने गेलं.

केरूने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या पिढीत घेतही नसत. तिला हाक मारायची तर तो मुलाला हाक मारायचा. अंगणातून बाबू म्हणून ओरडला की गोदा बाहेर यायची. बाबू मुंबईला गेल्यावर तो मालन म्हणून हाक मारायला लागला. मालन गेली आणि त्याच्याकडे हाक मारायला नावच उरलं नाही. तेव्हापासून तो नुसता खाकरायचा. तेरा वर्षं ती त्याच्या खाकरण्यावर ओ देत आली होती.

ब्याऐंशीला भागोजी म्हातारा गेला आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात यादी नव्याने करायचा हुकूम आला. पहिल्यांदाच केरू पडवीत बापाच्या जागी बसला. दोन दिवस बैठक चालली. डोळे मिटून त्याने घरांमागून घरं सांगितली, मुंबईला वीस वर्षं राहिलेल्यांचीसुद्धा, कारण ज्याचं घर गावात तो गावचाच, हा हिशोब. त्याच्या धाकट्या भावाची, बाबल्याची बायको चिमा गणपतीपुरती गावाला यायची, तिचं नावही त्याने खणखणीत सांगितलं. होता होता त्याचं स्वतःचं घर आलं. केरू भागोजी, वय छप्पन्न. बाबू केरू, वय चौतीस, बाबूची बायको गंगा, वय तीस. गुरुजींनी विचारलं, आणि वहिनी? केरूने डोळे उघडले, खाली बघितलं, आणि म्हणाला, लिहा की. गुरुजी पेन धरून थांबले, त्यांना वहिनी एवढंच ठाऊक होतं. वर्गातली पोरं कान टवकारून बसली होती. सगळा गाव ज्याच्या जिभेवर, त्याची जीभ तिथे उचलेना. बापाला ही अडचण कधी आली नव्हती, कारण सासऱ्याने सुनेचं नाव घ्यायला काहीच हरकत नसते. तेवढ्यात पाटलांकडचा माणूस बोलावणं घेऊन आला, केरू सुटल्यासारखा उठला, आणि गुरुजींनी वहीत एक ओळ कोरी सोडली. संध्याकाळी विचारून भरू म्हणाले.

गुरुजी दापोलीचे. त्यांच्या घरची आंब्याची बाग, सुट्टी लागली की ते पहिल्या एसटीने घरी. यादीची स्वच्छ प्रत त्यांनी बागेतल्या माचावर बसून केली. नावं उतरवताना कोरी ओळ कोण उतरवतो? कच्ची यादी छापून आली तेव्हा हरकती घेण्यासाठी ती शाळेच्या भिंतीवर लावायची होती. ती कोणी लावली? केरूने, स्वतः खळ शिजवून. महिनाभर ती भिंतीवर होती आणि तो तिच्यासमोरून रोज जात होता.

आणि आता चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात निवडणूक लागल्यावर पक्की यादी आली. गुरुजी वाचत होते, केरू मनाशी ताळा करत होता. स्वतःचं घर आलं, केरू, बाबू, गंगा, आणि गुरुजी सरळ शेजारच्या भिकाजीच्या घरात शिरले. केरूने त्यांना मागे फिरवलं. गुरुजींनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. जुनी वही त्यांनी कपाटातून शोधून काढली. ती ओळ होती तशी कोरी होती.

गुरुजी म्हणाले, चूक माझी आहे, मी येतो आणि वहिनींना सांगतो. केरूने हात जोडून त्यांना गप्प केलं.

त्याला भीती दोन गोष्टींची होती. एक तर गोदाचा निरोप खुंटण्याची, ती उघड होती. दुसरी तो कोणाला बोलून दाखवत नव्हता. ऐंशी साली खालच्या आळीतल्या यमुनाबाईचं नाव कचेरीत छापताना चुकून यादीतून उडालं होतं. यादीतून नावं उडतात ती मेलेल्यांची, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. यमुनाबाई केंद्रावरून परत आली ती हसतच, पण त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं आणि महिन्याभरात ती गेली. तेव्हापासून बायका म्हणायच्या, यादीला आधी कळतं. केरू असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायचा. आता मात्र गोदा चुलीशी खोकली की तो हातातलं काम थांबवायचा. धुराने खोकते, असं तो स्वतःला समजावायचा, आणि मग चूल पेटलेली नसतानाही ती खोकते का, हे कान देऊन ऐकत बसायचा.

तिसऱ्या दिवशी तो मंडणगडला गेला. घरी सांगितलं, साहेबांनी बोलावलंय. कचेरीतल्या कारकुनाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीला कुलूप, त्यानंतर तहसीलदारच काय, कलेक्टरसाहेबांनाही नाव घालता येत नाही. पुढच्या वेळी अर्ज करा. पुढच्या वेळी म्हणजे कधी, असं केरूने विचारलं. दिल्लीची निवडणूक आता पाच वर्षांनी, कारकून म्हणाला. केरू परत आला तो पऱ्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिला. पाणी घोट्याएवढंच होतं.

घरी गोदाची तयारी चालू होती. दळण झालं होतं, मताच्या दिवशी नेसायचं लुगडं उन्हात घातलं होतं. मथुरा शेजारीण येऊन विचारून गेली, किती वाजता निघायचं. गोदा म्हणाली, दार उघडायच्या आधी पोचायचं, पहिली खूण आपली. केरू ओटीवर बसून हे ऐकत होता. आज सांगू, असं तो रोज सकाळी ठरवायचा. एकदा तो खाकरला, ती बाहेर आली, काय म्हणाली, आणि त्याने पाणी मागितलं. एकदा तिनेच विचारलं, अंगात कसर आहे का, जेवत का नाही. तो म्हणाला, निवडणुकीचं काम डोक्यावर आहे. ते खरंच होतं.

शेवटी माणूस घाबरला की जे करतो तेच केरूने केलं. त्याने त्याहून मोठी चूक केली. पक्षाच्या माणसाने गावात वाटायला नाव-नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या एकेक वाचून दाखवून त्याच्याकडे दिल्या होत्या. त्यात मुंबईवाल्यांच्याही होत्या. चिमा बाबल्या शिगवण, वय पन्नास. घराणं तेच, आडनाव तेच, वयही जवळपास. गोदाला अक्षर येत नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने ती चिठ्ठी तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, आत साहेब काही विचारील, तू नुसती मान हलव. तिने चिठ्ठी पोलक्यात ठेवली. दुसऱ्याच्या नावावर मत घालणं हा गुन्हा आहे, नोकरी जाईल, हे दवंडी पिटून गावाला सांगणारा तोच होता. एवढं करूनही त्याला हायसं वाटलं नाही.

मतदानाला शाळेत टेबलं मांडलेली, खिडकीशी पुठ्ठ्याचा आडोसा, मध्ये पेटी. केंद्राध्यक्ष बाहेरगावचे, चष्मेवाले, मऊ बोलणारे. एका बाकावर दोन्ही पक्षांची माणसं, त्यांत भिकाजी. केरू दारात. बायकांची रांग वडापर्यंत गेली होती आणि तिच्या तोंडाशी गोदा, धुतलेल्या लुगड्यात.

तिने चिठ्ठी पुढे केली. टेबलावरच्या कारकुनाने यादीत बोट फिरवलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं, चिमा बाबल्या शिगवण.

गोदाने मान हलवली नाही. ती म्हणाली, “मी चिमा न्हाय. चिमा माजी जाव, ती मुंबैला असते. मी गोदा.”

बाकावरच्या भिकाजीने खाली मान घातली. तो हळूच म्हणाला, साहेब, घरातलीच बाई आहे, असू द्या. दुसऱ्या पक्षाच्या माणसानेही हरकत घेतली नाही. त्या क्षणी गोदा गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. पण बत्तीस वर्षं जी बाई आपल्या नावाने मत देत आली होती, ती जावेच्या नावाने निरोप कसा धाडील? तिने पुन्हा सांगितलं, गोदा शोधा. कारकुनाने शिगवणांची दोन्ही पानं पाहिली. केंद्राध्यक्षांनी यादी आपल्याकडे ओढून पाहिली. मग त्यांनी विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव काय?

गोदाने दाराकडे पाहिलं. रांगेतल्या बायका वाकून आत बघत होत्या. मथुराच्या तोंडाला पदर गेला होता. केंद्राध्यक्षांनीही दाराकडे पाहिलं.

“कोतवाल, तुम्ही ओळखता का ह्या बाईंना?”

केरूने चौकटीला हात लावला. त्याला चिठ्ठी चुकून बदलली असं म्हणता आलं असतं. केंद्राध्यक्षांनीच ती वाट करून दिली, बऱ्याच चिठ्ठ्या होत्या, बदलली असेल, असं ते म्हणालेसुद्धा.

“बदलली न्हाय, साएब. मीच दिली,” केरू म्हणाला. “ही गोदा. गोदा केरू शिगवण. माजी बायको. हिचं नाव सांगायची मला लाज वाटली, म्हनून त्ये यादीत न्हाय. ती मेली न्हाय. चूक माजी हाय.”

रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने आपल्या कानाला हात लावला. केरूने बायकोचं नाव घेतलं, तेही दोनदा, चारचौघांत.

केंद्राध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. चिमाची चिठ्ठी त्यांनी फाडून टेबलाखाली टाकली आणि कुठेही काही लिहिलं नाही. बाई, मला तुमचं मत घेता येत नाही, असं त्यांनी गोदाला सांगितलं, आणि सांगताना ते उभे राहिले. गोदाने आपल्या डाव्या हाताचं बोट पाहिलं, ज्याला शाई लागायची होती. मग ती टेबलाला वळसा घालून बाहेर आली. केरूजवळून गेली, पण थांबली नाही.

ती घरी गेली असेल असं त्याला वाटलं. पण ती वडाखाली बसून होती. एकेक बाईला ती आत पाठवत होती. मथुरा म्हणाली, तुझं नाही तर आमचं कशाला. गोदा म्हणाली, जा, आत कोणी खात नाही. सगळ्यांत शेवटी गेलेली बाई बाहेर आली तेव्हा गोदा उठली आणि एकटीच पऱ्याच्या वाटेने चालू लागली. केरूने ते दारातून पाहिलं. यमुनाबाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पण केंद्र सोडून त्याला जाता येत नव्हतं. पेटीला लाख लावेपर्यंत, कागद बांधेपर्यंत, सह्या होईपर्यंत तो तिथे उभा होता आणि काहीही बघत नव्हता.

ऊन कलल्यावर तो पेटी डोक्यावर घेऊन निघाला. मागे केंद्राध्यक्ष, पुढे पोलीस. पल्याड जीप दिसत होती. अल्याडच्या काठावर, तेरा वर्षांपूर्वी डोली जिथे टेकवली होती त्या धोंड्याजवळ, गोदा उभी होती. पोलिसाने तिला बाजूला हो म्हणून हात केला. ती बाजूला झाली, पण केरू जवळ येताच म्हणाली,

“आज माज्याकडनं सांगायचं ऱ्हायलं. तुमी सांगा पेटीला.”

केरू पाण्यात उतरला. पाणी घोट्याएवढं, गार. डोक्यावर पेटी, दोन्ही हात वर. मध्यावर येऊन तो थांबला आणि मोठ्याने म्हणाला, साकव बांधा. पोलिसाने वळून विचारलं, काय रे? काही नाही साहेब, केरू म्हणाला, पेटीला सांगत होतो. पोलिसाला वाटलं म्हातारा दमला.

गोदा त्या महिन्यात गेली नाही, पुढच्याही नाही. खोकला शिमग्याच्या सुमारास आपोआप थांबला. नवऱ्याशी मात्र ती पंधरा दिवस कामापुरतंच बोलली. सोळाव्या दिवशी केरू अंगणात येऊन सवयीने खाकरला. आतून ओ आली नाही. तो पुन्हा खाकरला. गोदा आतून म्हणाली, नाव येतं आता तुमाला. केरूने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं, आणि हळूच हाक मारली. ती बाहेर आली.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात पुन्हा यादी नव्याने करायची ठरली. मतदानाचं वय आता अठरा झालं होतं. साकव अजून झाला नव्हता. केरूची कोतवाली सुटली होती, पण पाठांतराचा मान त्याच्याकडेच होता. हरिहर गुरुजींचे केस पिकले होते. ह्या वेळी गोदा यादी ऐकायला शाळेत आली आणि पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिला कोणी जा म्हणालं नाही.

केरूने डोळे मिटले. वरच्या आळीपासून सुरुवात करायची रीत होती. त्याने ती मोडली.

“आमच्या घरापास्नं घ्या, गुरुजी. लिवा. गोदा केरू शिगवण, वय एकोनसाठ.” मग त्याने स्वतःचं सांगितलं, बाबूचं सांगितलं, गंगाचं सांगितलं.

गुरुजींनी लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, घरात आणखी कोणी, अठरा पुरी झालेलं?

केरूचे डोळे मिटलेलेच होते. “मालन,” तो म्हणाला. “चोवीस पुरी झाली असती. ती लिवू नका.”

पेन थांबलं. गुरुजींनी खांबाकडे पाहिलं. गोदाने पदर सारखा केला.

“म्होरलं घर घ्या,” ती म्हणाली.

गुरुजींनी मध्ये ओळ न सोडता पुढचं घर लिहायला घेतलं.